मुठीचा तांदूळ आणि दशांशाची पावती

प्रश्न : आमच्या मंडळीतली (चर्चमधली) 25 घरं रोजच्या स्वयंपाकातून 'मूठभर तांदूळ' गरजूंसाठी काढतात. पावसाळ्यात गोणीत पोरकिडे झाले. शिवाय भात अर्धा गिचका, अर्धा कच्चा होतो, असं घेणाऱ्यांनी सांगितलं. काय चुकतंय? – एक भगिनी, वडोदरा

उत्तर : चूक घरच्या डब्यात आहे. किड्यांची अंडी बहुधा दुकानातून येतानाच दाण्यात असतात. ओल आणि ऊब मिळाली की महिन्याभरात किडे बाहेर पडतात. मूठ बहुधा तांदूळ धुता धुता, ओल्या हाताने काढली जाते. ती कोरड्या हाताने, घरचं माप घ्यायच्या आधी काढा. मिझोरामच्या प्रेस्बिटेरियन पंथाच्या ख्रिस्ती बायका 1910 पासून असंच करतात. आधी देवाचा वाटा, मग आपलं माप, हा त्या मुठीचा अर्थ आहे.

बाईची मूठ साधारण 35 ग्रॅमची. दोन वेळा धरली तर घरामागे महिन्याला 2 किलो, म्हणजे तुमचे 50 किलो. डबा महिन्याला पूर्ण रिकामा करा, पुसा, डबाच उन्हात ठेवा; तांदूळ उन्हात तडकतो आणि कणी होते. जुन्यावर नवा ओतू नका. बोरिक पावडर किंवा पाऱ्याच्या गोळ्या मुळीच घालू नका: तो तांदूळ दुसऱ्याच्या लेकरांच्या ताटात जाणार आहे.

गिचक्याचं कारण म्हणजे मिसळ. जुना तांदूळ जास्त पाणी पितो, नवा कमी; एका पातेल्यात दोघांचं जमत नाही. सगळ्यांनी एकच जात ठरवा, जीरासार म्हणा किंवा कोलम. आता मिसळलेला आहे तो निवडून धिरड्यांसाठी द्या; भिजवून, दळून धिरडी चांगली होतात. ज्यांच्या घरी रेशनचाच शिजतो त्यांचा वेगळ्या पिशवीत घ्या, पण मानाने घ्या. विधवेने दान केलेल्या दोन टोल्या (अगदी हलकी नाणी) येशूने सगळ्यांहून मोठ्या मानल्या. मात्र घरी जीरासार आणि डब्यात रेशनचा, हे आम्हाला पटत नाही.

वजन दोघींनी मिळून करावं आणि वहीत लिहावं. येशूचा प्रेषित पौल यानेही मंडळ्यांची वर्गणी एकट्याने नेली नाही, बोल लागू नये म्हणून सोबती घेतले. पोचवताना 5 किलोची पिशवी, सोबत किलोभर तूरडाळ, संध्याकाळी, फोटो न काढता.

प्रश्न : आजारी शेजाऱ्याला दिलेले पैसे दशांशात (देवासाठी काढलेल्या उत्पन्नाच्या दहाव्या भागात) धरावेत का? करात सूट मिळेल का? – एक वाचक, वडोदरा

उत्तर : बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या 14व्या अध्यायात तिसऱ्या वर्षाचा दशांश गावातच ठेवून लेवी (देवळाची सेवा करणारे), उपरी (परके), अनाथ आणि विधवा यांना द्यायला सांगितलं आहे. तेव्हा धरायला हरकत नाही. पण मंडळीचा खर्च त्यामुळे अडणार असेल तर पाळकांशी आधी बोला. सूट मिळणार नाही. ती देणगीवरच्या करसवलतीची नोंदणी (जिला 80जी म्हणतात) असलेल्या संस्थेला दिलं तरच, जुन्या कररचनेत, आणि रोख दिलं तर 2,000 रुपयांपर्यंतच मिळते.