फाइली हलवायला एमएस्सी कशाला?

बिबवेवाडीच्या एका ताईंचं पत्र आहे. मुलगी मायक्रोबायॉलॉजीत एमएस्सी झाली. पुण्यातल्या एका विद्यापीठाच्या वैद्यकीय संशोधन केंद्रात प्रोजेक्ट कोऑर्डिनेटर म्हणून तिची निवड झालीय, करार अकरा महिन्यांचा. मामा म्हणतात, "फाइली हलवायला एमएस्सी कशाला?" ताईंचा प्रश्न असा: रुजू होऊ द्यावं, की बँकेच्या परीक्षांना बसवावं?

ताई, मामा अर्धे बरोबर आहेत. फाइली आहेत, आणि ढिगानं आहेत. पण त्या कशाच्या आहेत ते बघा. नव्या औषधाची चाचणी घ्यायची तर आधी एथिक्स कमिटीची, म्हणजे सहभागी रुग्णांचं हित बघणाऱ्या समितीची, मंजुरी लागते. २०१९ च्या नियमांनुसार या कमिटीत किमान ७ सदस्य, अध्यक्ष संस्थेबाहेरचा, आणि एक तरी सदस्य सामान्य नागरिक. मग पहिला रुग्ण घेण्याआधी सीटीआरआयवर, म्हणजे चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत, नोंदणी. पुढे एखाद्या सहभागी रुग्णाला रुग्णालयात भरती करावं लागलं, तर ते २४ तासांत कळवायचं. कायद्यानं ही जबाबदारी मुख्य संशोधकाची. पण ते डॉक्टर सकाळी ओपीडीत आणि दुपारी विद्यार्थ्यांच्या परीक्षांत अडकलेले. घड्याळाकडे लक्ष ठेवून कागद पुरे करून घेणारं माणूस म्हणजे कोऑर्डिनेटर.

तिच्या शिक्षणाचा खरा कस लागतो तो संमतीपत्राच्या वेळी. भोरहून आलेल्या आजी विचारतात, "बाई, मला खरं औषध देणार की नुसतीच गोळी?" काहींना औषध मिळतं, काहींना औषध नसलेली गोळी, आणि कोणाला काय मिळणार हे आधी कोणालाच ठाऊक नसतं, हे त्यांना उमजेल असं सांगायचं. "तुम्हाला गुण येईलच" असं चुकूनही म्हणायचं नाही. शेजारी बसलेला मुलगा "कर गं सही, डॉक्टर सांगतायत ना" म्हणाला, की तिथंच थांबायचं. आजींनी नाही म्हटलं तरी त्यांच्या नेहमीच्या उपचारांत फरक पडणार नाही, हेही बजावायचं. विषय कळल्याशिवाय हे जमत नाही, आणि नुसता विषय कळूनही जमत नाही.

पुण्यातलंच उदाहरण देतो. केईएम रुग्णालयाच्या संशोधकांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायांच्या आहाराचा अभ्यास सुरू केला. त्यांची मुलं मोठी झाली तरी संशोधकांनी त्यांचा माग सोडला नाही. नावं डॉक्टरांची छापून येतात, ते रास्तच आहे. पण घर बदललेलं कुटुंब शोधणं, रक्ताचे नमुने वेळेत फ्रीजरपर्यंत पोचवणं, मार्चअखेर खर्चाचा हिशोब लावणं, हे कोणीतरी वर्षानुवर्षं केल्याशिवाय असा अभ्यास टिकत नाही.

आता कराराचं. तुमची धास्ती खोटी नाही. प्रकल्पाचा निधी संपला की पद संपतं. पुढच्या प्रकल्पात घेतील याची हमी कोणी देत नाही. पण दोन वर्षांच्या अनुभवावर सीआरओ कंपन्यांत (औषध कंपन्यांसाठी चाचण्या चालवून देणाऱ्या), डेटा मॅनेजमेंटमध्ये किंवा चाचण्यांच्या मॉनिटरिंगमध्ये जाता येतं. पीएचडी करायची असेल तर मात्र तिला स्पष्ट सांगा: या कामात प्रयोगशाळेला हात फारसा लागत नाही. ज्यांना बेंचवरच रमायचं असतं ती मुलं इथं वर्षभरात कंटाळतात.

लाखभर रुपये भरून क्लिनिकल रिसर्चचा डिप्लोमा करायची घाई नको. जीसीपीचं, म्हणजे चाचण्या नीट कशा करायच्या या नियमावलीचं, प्रशिक्षण ऑनलाइन मोफत मिळतं. आयसीएमआरच्या चेन्नईतल्या साथरोग संस्थेचा बायोमेडिकल रिसर्चचा कोर्स एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन शिक्षणमंचावर आहे. शिकायला पैसे पडत नाहीत, परीक्षेचं शुल्क तेवढं वेगळं. तेवढ्यावर सुरुवात होते.

बँकेबद्दल एकच विचारतो: ती इच्छा तिची, की घराची? तिची असेल तर नोकरी करता करता अभ्यास होणं कठीण आहे, मग सरळ बँकच धरू दे. घराची असेल तर आत्ता तरी तिला रुजू होऊ द्या.

सही करण्याआधी तिनं इतकं विचारावं: प्रकल्पाचा निधी नक्की कुठवर आहे? पीएफ कापतात का? गावांत जायचं असेल तर गाडी केंद्राची, की स्वतःच्या खर्चानं? आणि याआधीची कोऑर्डिनेटर किती दिवस टिकली, कुठे गेली? शेवटचा प्रश्न साहेबांना न विचारता तिथल्या लॅब टेक्निशियनला विचारलेला बरा. आणि विचारायचं तिनं. तुम्ही फोन करू नका.