गर्दीत कुणाला काही झालं तर लोक नुसते बघत का उभे राहतात? माणुसकी संपली का?

माणुसकी संपली असं मला अजिबात वाटत नाही. 1968 साली न्यूयॉर्कमध्ये डार्ली आणि लाटाने या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला होता, विद्यार्थ्यांना खोलीत फॉर्म भरायला बसवलं आणि भिंतीतल्या झरोक्यातून धूर सोडला. एकटा बसलेला असेल तर 75 टक्के जणांनी बाहेर जाऊन सांगितलं, पण शेजारी दोन माणसं (ती त्यांचीच, ठरवून गप्प बसवलेली) शांतपणे लिहित असतील तर 10 पैकी एकानेच. बाकीचे खोकतायत, डोळे चोळतायत, हाताने धूर बाजूला करतायत आणि फॉर्म भरतायत! नंतर विचारलं तर म्हणे वाफ असेल, एसीचं काहीतरी असेल.

म्हणजे स्वतःच्या जिवावर बेतू शकतं तरी आपण आधी शेजारच्याचं तोंड बघतो, आणि तोही आपलंच बघत असतो. हे सगळ्यांना माहीत असायलाच हवं खरंतर.

म्हणून रस्त्यात मदत लागली तर नुसतं "कुणीतरी या" ओरडू नका, एकाकडे बोट दाखवून सांगा, "ओ निळा शर्टवाले दादा, 108 ला फोन लावा". एक जण हलला की बाकीचे पण पटकन पुढे येतात.