सेकंडहँड गाडी घेताय? आधी चासी नंबर वाचा

पहिलीच गाडी घेताय म्हणून कळकळीने सांगतो, रंग आणि किलोमीटर नंतर बघा. आधी चासी नंबर, म्हणजे कारखान्यातच प्रत्येक गाडीला मिळालेला तिचा स्वतःचा ओळख क्रमांक. गाडी चोरीची असेल तर पहिली शंका तिथेच येते. हल्लीच्या गाड्यांवर तो 17 अक्षरी असतो आणि त्यात इंग्रजी आय, ओ, क्यू ही अक्षरं नसतात, कारण ती 1 आणि 0 शी गल्लत करतात. यातलं एखादं दिसलं तर तिथूनच परत फिरा.

नंबर एकाच जागी बघून थांबू नका. समोरच्या काचेखाली, दाराच्या खांबावर, बॉनेटखाली, कागदांवर, जिथे जिथे असेल तिथे अक्षरन्अक्षर तोच हवा. पत्र्यावर कोरलेल्या नंबरावरून बोट फिरवून बघा. घासून पुन्हा ठोकला असेल तर पत्रा खोलगट लागतो, एखादा आकडा ओळीतून वर-खाली गेलेला असतो, भोवतीचा रंग बाकीच्यापेक्षा ताजा दिसतो. चासी नंबराच्या पट्टीच्या रिव्हेटवर ओरखडे आहेत का, तेही बघा.

एवढं जुळलं तरी निर्धास्त होऊ नका. त्याच मॉडेलच्या, त्याच रंगाच्या दुसऱ्या गाडीचा खरा चासी नंबर चोरीच्या गाडीला लावतात. म्हणून विकणाऱ्याला रस्त्यात नको, त्याच्या घरी भेटा. ओळखपत्र आणि नोंदणीवरचं नाव ताडून बघा. दोन्ही किल्ल्या मागा, सर्व्हिसची जुनी बिलं मागा. पैसे मालकाच्याच बँक खात्यात, रोख अजिबात नाही.

‘दुसरं गिऱ्हाईक संध्याकाळी येतंय’ असं कोणी घाई करू लागलं, तर मी तो व्यवहार तिथेच सोडतो. तुम्हीही सोडा.