वाचकांचे प्रश्न : फर्स्ट क्लासचे प्रवासी आणि केबिन क्रू

फर्स्ट क्लासमध्ये केबिन क्रू सर्वांशी सारखेच वागतात का, असे विचारणारी बरीच पत्रे आली आहेत. त्यांतील चार पत्रांना येथे उत्तर देत आहे. मी स्वतः अनेक वर्षे याच केबिनमध्ये, आधी क्रू म्हणून आणि नंतर सुपरवायझर म्हणून काम केले असल्यामुळे, शक्यतो पाहिलेले आणि केलेलेच सांगेन.

प्रश्न : साठवलेल्या पॉइंट्सवर तिकीट अपग्रेड करून मी पहिल्यांदाच फर्स्ट क्लासने प्रवास केला. शेजारच्या गृहस्थांना हवाई सेविकेने आडनावाने हाक मारली, जेवणाचे आधी त्यांना विचारले आणि माझी पाळी येईपर्यंत मला हवा असलेला पदार्थ संपला होता. कोण पूर्ण भाडे भरून आला आणि कोण अपग्रेड होऊन आला, हे क्रूला ठाऊक असते का? त्यावरून वागणूक ठरते का?

उत्तर : बोर्डिंगपूर्वी क्रूच्या हाती प्रवाशांची यादी येते; पूर्वी ती कागदावर असे, आता बहुतेक ठिकाणी टॅब्लेटवर असते. त्यात आसन क्रमांक, नाव, कंपनीच्या नियमित प्रवासी योजनेतील आपली श्रेणी (वारंवार प्रवास केल्यावर मिळणारा दर्जा), खास जेवणाची मागणी, पुढचे जोडविमान, व्हीलचेअरची गरज अशा नोंदी असतात. काही कंपन्यांच्या यादीत अपग्रेडची खूण असते, पण आपण भाड्यापोटी किती रक्कम मोजली हे क्रूला सहसा दिसत नाही, आणि खरे सांगायचे तर ते जाणून घेण्याची उत्सुकताही कोणाला नसते.

आपल्या शेजाऱ्यांना आधी विचारले गेले, त्यामागे बहुधा त्यांचे तिकीट नसून त्यांची श्रेणी होती. अमेरिकन एअरलाइन्सने 1981 मध्ये आपली नियमित प्रवाशांची योजना सुरू केली, इतर कंपन्यांनी तिचे अनुकरण केले, आणि पुढे स्टार अलायन्स, वनवर्ल्ड यांसारख्या गटांमुळे एका कंपनीत मिळवलेली श्रेणी दुसऱ्या कंपनीच्या विमानातही ओळखली जाऊ लागली. त्या दिवशी ते गृहस्थही कदाचित पॉइंट्सवरच बसले असतील. फरक इतकाच, की ते दर आठवड्याला विमानात असतात आणि कंपनीला त्यांना हातचे जाऊ द्यायचे नसते. म्हणून आधी कोणाला विचारायचे हा क्रम कंपनी ठरवते, क्रू तो पाळतात. काही ठिकाणी हा क्रम श्रेणीनुसार असतो, काही ठिकाणी पुढच्या रांगेपासून मागे जातो, तर एकेकाळी काही विमानांत फ्लाइटचा क्रमांक सम असेल तर पुढून आणि विषम असेल तर मागून विचारण्याचा रिवाज होता.

पदार्थ संपतो याचे कारण अगदी साधे आहे. आठ प्रवासी आणि तीन मुख्य पदार्थ असतील, तर प्रत्येक पदार्थाच्या आठ थाळ्या चढवता येत नाहीत. गॅलीतील, म्हणजे विमानातल्या स्वयंपाकघरातील ओव्हनची जागा मोजकी असते आणि वजनाचाही हिशेब असतो. बऱ्याच कंपन्या आता प्रवासाच्या आधीच पदार्थ निवडण्याची सोय देतात. ती वापरली, तर मागून विचारले जाण्याचा प्रश्नच उरत नाही.

मात्र आपल्या प्रश्नाच्या मुळाशी वेगळी शंका आहे, असे मला वाटते : अपग्रेड होऊन आलेल्याला क्रू मनातून कमी लेखतात का? मी ठामपणे ‘नाही’ म्हणेन. गॅलीच्या पडद्याआड आम्ही प्रवाशांविषयी बोलतो, हे खोटे नाही. पण ते बोलणे ‘दोन-ए झोपले आहेत, ताट झाकून ठेवा’, ‘एक-के यांनी काहीच खाल्लेले नाही, एकदा विचारून या’ अशा स्वरूपाचे असते. तिथे लोक नावापेक्षा आसनाने आणि भाड्यापेक्षा वागण्याने लक्षात राहतात. अपग्रेड होऊन आलेले प्रवासी पुष्कळदा सर्वांत मनमोकळे असतात, आणि त्यांना वाढताना क्रूलाही बरे वाटते. आपल्याला आडनावाने हाक मारली गेली नाही, ही मात्र चूकच होती. त्या केबिनमध्ये बसलेल्या प्रत्येकाला नावाने संबोधणे अपेक्षित असते, आणि अशा वेळी सुपरवायझरला सौम्यपणे सांगण्यात काहीही गैर नाही.

प्रश्न : माझी बहीण विमान कंपनीत जमिनीवरील कामात आहे. तिच्या सवलतीच्या तिकिटावर आम्हाला फर्स्ट क्लासमध्ये जागा मिळाली, पण निघण्यापूर्वी तिने मला ढीगभर सूचना दिल्या. एवढे जपावे का लागते?

उत्तर : बहिणीचे बरोबर आहे. कर्मचारी आणि त्यांचे कुटुंबीय यांना अशा तिकिटावर जागा मिळते ती भाडे भरणाऱ्यांपैकी कोणाला ती नको असेल तेव्हाच. शेवटच्या क्षणी एखादा प्रवासी आला तर उठावे लागते. जेवणाची निवड सर्वांत शेवटी येते, कपड्यांबाबत नियम असतात, आणि आपण कोणत्या तिकिटावर बसलो आहोत याची वाच्यता शेजाऱ्याजवळ करायची नसते. ही नोंद यादीत असते. आत शिरताना स्वतःची ओळख करून देणारे आणि ‘जे उरेल ते चालेल’ असे मनापासून म्हणणारे पाहुणे आले, की क्रू त्यांच्यासाठी काहीतरी राखून ठेवतातच. तो घरच्या माणसांचा जिव्हाळा असतो.

प्रश्न : प्रसिद्ध व्यक्ती, मोठे अधिकारी किंवा आरडाओरडा करणारे श्रीमंत प्रवासी यांच्यापुढे क्रू नमते घेतात, असे मी पाहिले आहे. त्यांना नियम लागू नसतात का?

उत्तर : यात दोन वेगळे प्रकार आहेत. प्रसिद्ध माणसाला बहुतेक वेळा एकच गोष्ट हवी असते : आपल्याकडे कोणी पाहू नये. अशा प्रवाशाला आधी किंवा अगदी शेवटी आत घेणे, इतरांनी फोटो मागितल्यास विनयाने अडवणे आणि एरवी त्याला एकटे सोडणे, एवढेच क्रू करतात. आमच्या प्रशिक्षणात हे वारंवार सांगितले जाई, की त्याच्या कामाविषयी आपण होऊन एक शब्दही काढायचा नाही.

दुसरा प्रकार सत्तेचा आहे, आणि त्याविषयी लिहिताना मला आजही वाईट वाटते. 5 डिसेंबर 2014 रोजी न्यूयॉर्कच्या जे. एफ. केनेडी विमानतळावर कोरियन एअरच्या फर्स्ट क्लासमध्ये कंपनीच्या अध्यक्षांची कन्या, जी स्वतः उपाध्यक्ष होती, बसली होती. मॅकाडेमियाच्या बिया बशीत न देता पाकिटातच दिल्या, एवढ्यावरून तिने क्रूला फैलावर घेतले, धावपट्टीकडे निघालेले विमान मागे फिरवायला लावले आणि मुख्य पर्सरला, म्हणजे केबिन क्रूच्या प्रमुखाला उतरवले. फेब्रुवारी 2015 मध्ये सोलच्या न्यायालयाने तिला एक वर्षाच्या कारावासाची शिक्षा सुनावली. मे महिन्यात वरच्या न्यायालयाने ती निलंबित करून तिची सुटका केली. पर्सर चुकला होता की नाही, यापेक्षा मला त्याची असहायता अधिक बोचते. ज्याच्या हाती आपली नोकरी आहे अशा प्रवाशाला ‘नाही’ म्हणणे, हे कोणत्याही प्रशिक्षणात नीट शिकवले जात नाही.

एरवी मात्र ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार क्रूला असतो आणि तो वापरलाही जातो. उड्डाणात सुव्यवस्था राखण्याचे अधिकार कॅप्टनला 1963 च्या टोकियो करारानेच दिले आहेत : बेशिस्त प्रवाशाला आवरणे, गरज पडल्यास उतरवणे किंवा पोलिसांच्या हवाली करणे. मद्य महागडे असो वा साधे, प्रवाशाला चढू लागले असे दिसले की ग्लास भरणे थांबते. आधी दोन ग्लासांमधील वेळ वाढतो, सोबत पाणी आणि खायला येते, आणि तरीही ऐकले नाही तर स्पष्ट नकार येतो. आपण जे नमते घेणे पाहिले, ते बऱ्याचदा याच टप्प्यांपैकी एखादे असते. बंद दारांच्या आत, तासन्‌तास, इतर प्रवाशांच्या शेजारी भांडण पेटवायचे नसते, म्हणून आवाज खाली ठेवला जातो.

उड्डाण आणि उतरणे या वेळी तर कोणताच भेद राहत नाही. पलंग झालेले आसन सरळ करावेच लागते, पट्टा बांधावाच लागतो. साधारणपणे दर 50 आसनांमागे किमान एक क्रू सदस्य असावा लागतो तो सुरक्षेसाठी, वाढण्यासाठी नव्हे. निम्मीच दारे वापरून 90 सेकंदांत विमान रिकामे होऊ शकते, हे सिद्ध झाल्यावरच ते सेवेत येते, आणि त्या 90 सेकंदांत कोणाची श्रेणी कोणी विचारत नाही.

प्रश्न : मुलाने मला फर्स्ट क्लासचे तिकीट काढून दिले आहे. माझे वय झाले आहे. तिथले काहीच ठाऊक नसल्यामुळे क्रू हसतील की काय, असे वाटते.

उत्तर : आपले पत्र वाचताना मला एक प्रवासी बाई आठवल्या. त्याही अशाच मुलाने दिलेल्या तिकिटावर आल्या होत्या. दोन तास त्या आसनाच्या कडेला, घडी केलेली शाल मांडीवर घेऊन बसून होत्या. सपातांचे पाकीट फोडलेले नव्हते, आसनाच्या एकाही बटणाला हात लावलेला नव्हता, आणि काही हवे का म्हटले की ‘नको, ठीक आहे’ एवढेच उत्तर. माझ्या हाताखालची एक मुलगी अखेर त्यांच्याजवळ गुडघ्यावर बसली, सपाता स्वतः काढून त्यांच्या पायांजवळ ठेवल्या आणि म्हणाली, ‘इथले सगळे तिकिटातच आलेले आहे, वेगळे काही द्यावे लागत नाही.’ बाईंचे खांदे सैल झालेले मी पाहिले. त्यांची अडचण तीच होती. त्यानंतर त्यांनी आसनाचा पलंग करून घेतला आणि पाच तास झोपल्या.

याच्या उलट चूक माझ्या हातून झाली आहे. एक गृहस्थ त्या मार्गावर नेहमी येत. चष्मा ठरलेल्या कप्प्यात ठेवायचे, पाण्याची बाटली मागून घ्यायचे आणि उतरण्याआधी चाळीस मिनिटे उठवा म्हणायचे. एकदा नाश्ता चुकू नये म्हणून मी एका नव्या मुलीला त्यांना लवकर उठवायला सांगितले. ते काहीच बोलले नाहीत, पण त्यांना झोपेची किती गरज होती हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसले. सेवा कमी पडली तर माफी मागता येते, पण मोडलेली झोप परत देता येत नाही.

म्हणून क्रूला अंदाज बांधायला लावू नका. विमानात बसल्यावर जो कोणी येऊन ओळख करून देईल, त्याला सरळ सांगा की ही माझी पहिलीच वेळ आहे. हे ऐकून हसणारा क्रू सदस्य मला इतक्या वर्षांत भेटला नाही. उलट कोणीतरी आपल्याला काही दाखवू देणार, याचा त्यांना आनंदच होतो. पलंग कसा होतो, दिवा कुठला, बोलावण्याची घंटा कुठली, हे दाखवायला सांगा. जेवण लागलीच हवे की झोपून उठल्यावर, तेही सांगून ठेवा, कारण बऱ्याच विमानांत या वर्गात हव्या त्या वेळी जेवण मिळते. औषधाची वेळ ठरलेली असेल तर ती आवर्जून कळवा; ती गॅलीत लिहून ठेवली जाते आणि पाळी बदलली तरी पुढचा माणूस ती पाहतो. बक्षिशी द्यावी लागत नाही आणि बहुतेक कंपन्यांत ती घेण्यास मनाईच असते. कोणाचे काम आवडले तर उतरल्यावर त्याचे नाव लिहून कंपनीला दोन ओळी पाठवा. त्या त्याच्या नोंदीत राहतात, आणि बढतीच्या वेळी वाचल्या जातात.