डिप्लोमात शिकलेले टू-डी व्हेक्टर (कागदावरचे बाण, लांबी म्हणजे जोर किती आणि टोक म्हणजे कुठल्या दिशेला) नोकरीत खरंच लागतात का? लागत असतील तर नीट कसे शिकायचे?

लागतात. "पास होण्यापुरतं करा, पुढे कोणी विचारत नाही" असं ज्यांनी तुम्हाला सांगितलं ते क्रेनसमोर सिग्नल द्यायला कधी उभे राहिलेले नसणार.

मी भोसरीला एका फॅब्रिकेशन शॉपमध्ये होतो, तिथे दोन टनांचा मशीन बेड उचलायचा होता. शेड बुटकी, हूक वर जायला जागाच नाही, म्हणून बेल्ट आखूड लावले आणि ते इतके पसरले की आडव्या रेषेशी जेमतेम ३० अंश. साहेब म्हणाले, दोन बेल्ट आहेत, एकेकावर एक टन येणार, बेल्ट दीड टनाचे आहेत, उचला. मी म्हटलं, साहेब, एक टन येतो तो बेल्ट सरळ उभे असले तर. तिथेच फरशीवर खडूने काढून दाखवलं, वजनाचा बाण खाली, दोन बेल्टचे बाण आपापल्या कोनात, टोकाला टोक जोडलं की तिन्ही बाजू सारख्या, म्हणजे प्रत्येक बेल्टवर पूर्ण दोन टन! शिवाय बेडला दोन्हीकडून आत दाबणारा पावणेदोन टनांच्या आसपासचा आडवा जोर, तो वेगळाच. साहेब म्हणाले, कॉलेजातलं कॉलेजात ठेव, आम्ही वर्षानुवर्षं असंच उचलतोय. मी सिग्नल द्यायला सरळ नाही म्हटलं. शेवटी आमचे रिगर मामा, म्हणजे क्रेनला वजन बांधणारे, पुढे आले, शाळा सातवीपर्यंतच झालेली, म्हणाले पोरगं बरोबर बोलतंय, बेल्ट जेवढा पसरेल तेवढा जास्त ताणतो, आणि स्टोअरमधून तीन टनांचे बेल्ट घेऊन आले. साहेबांनी ते आजतागायत मान्य केलेलं नाही. अनुभव दोघांनाही होता, त्यामुळे अनुभवापुढे थेअरी चालत नाही हे मला कोणी सांगू नये.

शिकायचं म्हणाल तर लॅमीचं प्रमेय (समतोलातले तीन जोर त्यांच्यामधल्या कोनांवरून काढायचा नियम) नंतर, आधी ग्राफ पेपरवर स्केलने बाण काढा, एक सेंटीमीटर म्हणजे शंभर किलो, आणि पट्टीने मोजा. मग सूत्र, वजन भागिले दोन साइन कोन, कोन म्हणजे बेल्टचा आडव्या रेषेशी. दोन टनांना ६० अंशांवर एकेका बेल्टवर १.१५ टन येतात, ४५ वर १.४१, म्हणजे दीड टनाचा बेल्ट तिथेच काठावर आला.

हे सगळं गुरुत्वमध्य बरोबर मधे असेल आणि दोन्ही बेल्ट सारखे असतील तरच हां. चार बेल्ट असतील किंवा फास घालून उचलत असाल तर हिशोब बदलतो, तेव्हा बेल्टच्या टॅगवरचा तक्ता बघा. आणि कॅल्क्युलेटर डिग्री मोडवर ठेवा, रेडियनवर साइन ३० चक्क उणे येतो.