दूध-अंडी सोडून जिममध्ये ताकद वाढते का?
दूध, दही, अंडी सगळं बंद करून ताकद वाढेल का, असं तुम्ही विचारलंय. नक्की वाढते. वजनं उचलणाऱ्याला शरीराच्या दर किलोमागे दिवसाला साधारण 1.6 ग्रॅम प्रथिनं पुरतात, म्हणजे 60 किलोला 96 ग्रॅम. नुसत्या वरणभातावर हा आकडा गाठणं अवघड. माझा भर सोयाबीनच्या वड्यांवर: 50 ग्रॅम कोरड्या वड्यांत 25 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं, आणि कांदा-खोबऱ्याच्या वाटणात त्या छान मुरतात. शिवाय मटकीची उसळ, फुटाणे, शेंगदाणे, टोफू (सोयाबीनच्या दुधाचं पनीर). बी12 जीवनसत्त्वाची गोळी मात्र अजिबात टाळू नका. वनस्पतींतून ते भरवशाने मिळत नाही, आणि कमतरता नकळत वाढून नसांना इजा करते. आधी एकदा रक्त तपासून घ्या. असंच खाणारे दोन-चार जण सोबतीला मिळाले तर फारच उत्तम.