वाचक विचारतात : घरी बांधलेलं विमान आणि त्याच्या मर्यादा

प्रश्न : किटमधून दोन आसनी विमान बांधलं आहे. किटवाल्यांनी कमाल वेग १६० नॉट (ताशी सागरी मैल) दिला आहे. रंगकामानंतर १२० नॉटपर्यंतची उड्डाणं व्यवस्थित झाली. १६० पर्यंत स्वतः जाऊन पाहायलाच हवं का? कसं जायचं?

हवं. पण १६० च्या पुढे एक नॉटही नाही. लाल रेघ, म्हणजे वेगाच्या काट्यावरची कमाल मर्यादा, ठरवताना आराखडा करणाऱ्याने तिच्या वर साधारण दहा टक्के जागा राखलेली असते. ती तुमच्या विमानात शिल्लक आहे की नाही, हे तिच्यात शिरून पाहायचं नसतं. आराखडा स्वतःचा असेल तर हिशोब उलटा करा : १५० नॉटवर रेघ मारायची तर आधी १६७ पर्यंत जाऊन दाखवावं लागतं. ते काम अनुभवी चाचणी वैमानिकाकडे सोपवावं.

इथे खरी भीती फ्लटरची आहे. पंखाच्या किंवा शेपटीच्या कडेचा हलता भाग, म्हणजे एलेरॉन, एलेव्हेटर किंवा रडर, थरथरू लागतो, दर झोक्याला हवेतून आणखी ऊर्जा घेतो आणि काही सेकंदांत बिजागरीसकट उखडू शकतो. तुम्ही रंगकामाचा उल्लेख केलात, म्हणून सुरुवात तिथूनच करा. रंग आणि त्याखालची लांबी (पुट्टी) यांचं बरंचसं वजन बिजागरीच्या मागे पडतं. मागच्या कडेला, बिजागरीपासून ३० सेंमीवर ४० ग्रॅम वाढले आणि तोलाचं शिसं बिजागरीच्या पुढे १० सेंमीवर असेल, तर तिथे १२० ग्रॅम शिसं वाढवावं लागेल. रंगानंतर अशा प्रत्येक हलत्या भागाचा पुशरॉड (नियंत्रणाशी जोडणारा दांडा) सोडवून तोल पुन्हा तपासा. ट्रिम टॅब (मागच्या कडेची छोटी हलती पट्टी) बोटांनी हलवून पाहा; त्यात ढिलाई जाणवली तर ती काढल्याशिवाय वेग वाढवू नका.

मग सकाळची शांत हवा, पुरेशी उंची, पाठीला पॅराशूट आणि विमानात एकटे तुम्ही. १२० पासून ५-५ नॉटने चढा, शेवटचे १० नॉट मात्र २-३ च्या टप्प्यांनी. प्रत्येक वेगावर स्टिकला (नियंत्रणाच्या दांड्याला) तळहाताच्या कडेने एक टपली मारा, आधी मागे-पुढे, मग बाजूला. नंतर पेडलला पायाने एक ठोसा. हेलकावा एक-दोन झोक्यांत विरायला हवा. आधीच्या टप्प्यापेक्षा या वेळी विरायला जास्त वेळ लागला, तर त्या दिवशीची चाचणी तिथेच संपली. थरथर टिकून राहिली तर थ्रॉटल बंद, स्टिक घट्ट, नाक हळूहळू वर. झटका देऊन ओढाल तर फ्लटरमधून वाचलेला पंख तुमच्याच हाताने मोडेल. उतरल्यावर सगळ्या बिजागऱ्या आणि रिव्हेट पाहिल्याखेरीज पुन्हा उडायचं नाही.

दोन गोष्टी हमखास विसरल्या जातात. पहिली : इंजिनाचा पंखा (प्रोपेलर) स्थिर कोनाचा असेल तर सूर मारताना इंजिनाचे फेरे लाल रेघेपार जातात, म्हणून थ्रॉटल आधीच कमी करा. दुसरी : फ्लटरला खरा वेग महत्त्वाचा, काट्यावरचा नाही. मर्यादा खऱ्या वेगात दिलेली असेल तर १०,००० फुटांवर काटा १३७ ला आला की १६० गाठले.

प्रश्न : आराखड्यात स्टॉल (वेग घटून पंखाची उचल कोसळणं) ४४ नॉटला आहे. माझ्या विमानाचा काटा ३८ दाखवतो. पंख अपेक्षेपेक्षा चांगला झाला असं धरावं का?

नाही. पंख नव्हे, काटा फसवतोय. नाक वर असताना पिटॉट नळी (समोरून येणाऱ्या हवेचा दाब घेणारी) हवेला तिरकी पडते आणि बाहेरचा स्थिर दाब घेणाऱ्या स्टॅटिक छिद्रापाशीही दाब बदलतो, त्यामुळे कमी वेगात काटा बहुधा कमी दाखवतो. ३८ खरे मानून त्यावरून उतरण्याचा वेग काढला, तर तो धोकादायक इतका कमी येऊ शकतो, कारण वेग वाढतो तशी काट्याची ही चूक बहुधा कमी होते. आणि तोच आकडा पुढे भाराच्या हिशोबात घातला की तोही चुकतो.

आधी गळती पाहा. पारदर्शक नळीचा इंग्रजी यू आकार करून त्यात पाणी भरा, एक टोक पिटॉटला जोडा आणि दुसरी बाजू उचलून दोन्हींत १५ सेंमीचा फरक आणा. काटा ९५ नॉटच्या आसपास यायला हवा आणि मिनिटभर तिथेच राहायला हवा. तोंडाने फुंकर मारू नका, स्टॅटिक छिद्रात तर मुळीच नाही, उपकरणं जातात.

त्यानंतर जीपीएस. एकच उंची आणि काट्यावर एकच वेग धरून होकायंत्राच्या ०, ९०, १८० आणि २७० अंशांवर प्रत्येकी मिनिटभर उडा. वाऱ्याने विमान सरकलं तरी नाकाची दिशा सुधारत बसू नका. चारही जमीनवेगांची सरासरी म्हणजे जवळपास खरा वेग. तापमान आणि उंची घालून तो काट्याच्या वेगात बदला. हे पाच-सहा वेगांवर केलं की दुरुस्तीचा तक्ता तयार होतो.

स्टॉल घेताना जमिनीपासून किमान ५,००० फूट उंची ठेवा आणि वेग सेकंदाला एक नॉट या दराने उतरवा. झटकन नाक उचललं तर दर वेळी वेगळाच आकडा मिळेल.

प्रश्न : गुरुत्वमध्य मागच्या मर्यादेपर्यंत कसा नेऊन पाहावा?

सुरुवात मर्यादांमधल्या पुढच्या अर्ध्या भागातून. मग पंखाच्या सरासरी रुंदीच्या एक-एक टक्क्याने मागे. रुंदी १३० सेंमी असेल तर एक पायरी १.३ सेंमी, ६०० किलोच्या विमानात त्यासाठी १३ किलोची पोती ६० सेंमी मागे सरकवावी लागतात. पोती बांधा. सुटी पोती स्टॉलमध्ये मागे घसरली, तर जी मर्यादा हळूहळू गाठायची ती एका क्षणात ओलांडली जाईल.

प्रत्येक पायरीवर विमान ट्रिम करून (स्टिक सोडली तरी वेग टिकेल असं लावून) वेग १० नॉटने कमी करा. त्यासाठी स्टिक ओढून धरावी लागली पाहिजे. मागे जाल तसा हा जोर घटत जाईल. तो जवळजवळ नाहीसा झाला तर एक पायरी पुढे या आणि आराखड्यात काहीही लिहिलेलं असो, तीच आपली मर्यादा माना. पुढची पायरी घेण्याआधी स्टॉलमधून बाहेर येणंही तपासलेलं असावं. टाकी गुरुत्वमध्याच्या पुढे असेल तर इंधन संपत जाईल तसं विमान आपोआप मागे जड होतं, तेव्हा हिशोब उतरतानाच्या इंधनावर करा.

प्रश्न : ३.८ जी (वजनाच्या ३.८ पट भार) सहन होतात का, हे तीव्र वळण घेऊन पाहिलं तर?

हवेत पंखाची ताकद तपासू नका. ते जमिनीवरचं काम आहे : विमान उलटं करून पंखावर पोती रचायची. वजन मात्र नीट काढा. ६०० किलोच्या विमानाचे पंख १०० किलोचे असतील, तर ३.८ गुणिले ५०० म्हणजे १,९०० किलो. त्यातून उलट्या पंखाचं स्वतःचं १०० वजा केलं की पोती १,८०० किलोची. सरसकट ६०० ला ३.८ ने गुणलं तर २,२८० येतात, आणि चांगला पंख विनाकारण वाकवून बसाल.

हवेत जपायचा तो युक्तीवेग, म्हणजे ज्याच्या वर नियंत्रण पूर्ण वळवायचं नाही तो वेग : स्टॉलचा वेग गुणिले जीचं वर्गमूळ. ५० नॉट स्टॉल असेल तर ९७. तोही पूर्ण वजनाचा; ४५० किलोवर ८४ च. हलकं विमान स्टॉल व्हायच्या आत जास्त जी खेचतं, म्हणून. शिवाय हा वेग एकच नियंत्रण एकदाच पूर्ण वळवण्यापुरता आहे. २००१ मध्ये न्यूयॉर्कमध्ये पडलेल्या एअरबस ए३०० चा उभा शेपूटपंख युक्तीवेगाच्या आत असतानाच, रडर आलटून-पालटून दाबल्याने तुटला होता.

प्रश्न : नोंदी घ्यायला मित्राला सोबत नेलं तर चालेल?

नाही. त्याच्या वजनाइतकी पोती न्या. पॅनेलसमोर कॅमेरा लावा आणि आकडे मोठ्याने बोलत जा. पॅराशूट घातलेलं असताना दार किंवा कॅनोपी किती सेकंदांत फेकून देता येते, हे मात्र त्याच मित्राला जमिनीवर घड्याळ लावून मोजू द्या.